मलमलीखालचा वाफा

टाचणीबाईंच्या ओठांत सदा टाचण्या धरलेल्या असत, म्हणून गिऱ्हाइकांनी त्यांना ते नाव ठेवलं होतं. खरं नाव दुकानाच्या पाटीवरही नव्हतं. पाटीवर ‘कपडे घट्ट-सैल करून मिळतील’ एवढंच लिहिलेलं, आणि खाली कात्रीचं चित्र. जिन्याखालची चिंचोळी जागा ती. त्यात शिलाई मशीन, इस्त्रीचं टेबल आणि गिऱ्हाइकाला उभं राहायला एक पाट. तोंडात टाचण्या घेऊन माणूस बोलणार तरी किती? माप बरोबर आलं की ‘हूं’, नाही आलं की ‘अंहं’. एवढ्या दोन शब्दांवर बाईंनी अर्धं आयुष्य काढलं होतं. पण हात असा की कापड विरून जाईल, शिवण उसवणार नाही.

अशा या बाईंनी जन्मात कधी कुंडीत साधं गुलाबाचं रोप लावलं नव्हतं. आणि त्या उन्हाळ्यात त्या दुकानाला कुलूप घालून, लेकीला बरोबर घेऊन, गावाबाहेरच्या जमिनीवर भाजी पिकवायला गेल्या. शेजारणींना वाटलं, बाईंना ऊन लागलं.

कारण लेक होती.

लेक शाळेच्या शेवटच्या वर्षाला असताना तिला पहिली फीट आली, आणि ती दुकानातच आली. शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवता फिरवता ती थांबली. ‘आई, काहीतरी जळतंय,’ म्हणाली. काहीच जळत नव्हतं. पुढच्या क्षणी ती टेबलासकट खाली कोसळली आणि तापलेली इस्त्री तिच्या दंडावर पडली. मग खरोखरच जळाल्याचा वास आला. तो वास टाचणीबाईंच्या नाकातून पुढे कधी गेलाच नाही. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, गोळ्या बदलल्या, आणि हळूहळू फिट्स लांबत लांबत थांबल्या. वर्ष उलटलं, वर काही महिने गेले, एकही आली नाही. लेक ते सगळं विसरायला लागली. आई कशी विसरणार? न्हाणीघराची आतली कडी त्यांनी स्वतः स्क्रू खोलून काढून टाकली. अंथरूण लेकीच्या खोलीत हलवलं. रात्री मधूनच उठून त्या तिच्या नाकापुढे हात धरायच्या, श्वास लागतोय ना ते बघायला. लेकीची झोप सावध. ती जागी व्हायची, कूस बदलायची, काही बोलायची नाही. दिवसा मात्र बोलायची. अंघोळीला गेली की बाहेरून आईचं सुरू व्हायचं, ‘आहेस ना गं?’ आतून उत्तर यायचं, ‘नाही, मोरीतून वाहून गेले.’

बोलण्यात लेक बापावर गेली होती. ती कवळ्या घडवायचं काम शिकली. मेणाचा साचा करायचा, त्यात एकेक दात बसवायचा, घासूनपुसून हिरड्यांना खऱ्यासारखा रंग आणायचा. हात आईचा होता, नजरही आईची. ‘लोक एकमेकांचे दात घशात घालतात, मी तोंडात घालते,’ असं ती सगळ्यांना सांगायची. उन्हाळ्याच्या तोंडावर दूरच्या शहरातून, कवळ्या बनवणाऱ्या एका मोठ्या कारखान्यातून तिला बोलावणं आलं. मालकाला तिनं आजाराचं आधीच सांगून टाकलं होतं. गोळ्या वेळेवर घेतेस ना, एवढंच त्यानं विचारलं. तिथेच काम करणारी एक मुलगी खोलीसाठी जोडीदारीण शोधत होती. उन्हाळा संपताना रुजू व्हायचं, आणि त्याआधी हो की नाही ते कळवायचं.

टाचणीबाई नाही म्हणाल्या नाहीत. ‘बघू,’ म्हणाल्या. आईच्या तोंडच्या ‘बघू’चा अर्थ कुठल्याही घरात पोरांना समजावून सांगावा लागत नाही.

त्यांच्या थोरल्या भावाची जमीन होती. भाऊ मुलाकडे राहायला गेल्यापासून ती पडूनच होती. दोन खोल्यांचं पत्र्याचं घर, सिमेंटची टाकी, मोटार चालू केली की येणारं पाणी, आणि कमरेएवढं वाळलेलं गवत. ‘पडीक आहे ती, तुझं काय जातंय, काय करायचं ते कर,’ भाऊ फोनवर म्हणाला. बाईंचा मनातला बेत पक्का होता. एक उन्हाळा भाजी नीट पिकली की लेकीला दाखवता येईल. इथे काय कमी आहे? आठवड्यातले काही दिवस दुकान, काही दिवस ही जमीन, आणि तू माझ्या डोळ्यांसमोर. हे त्यांनी लेकीला सांगितलं नाही, पण लेक काही दूधखुळी नव्हती.

‘म्हणजे मला काकडीच्या वेलानं बांधून घालणार,’ ती म्हणाली. तरी आली. आईला तिथे एकटीला पाठवणं तिच्याही जिवावर आलं होतं. निघताना तिनं एवढंच सांगून ठेवलं, ‘आई, उन्हाळाभर मी तुझी. मनापासून राबेन. पण शेवटी मला बघू चालणार नाही. हो म्हण, नाहीतर नाही म्हण.’

तेव्हा टाचणीबाईंच्या तोंडात टाचण्या नव्हत्या. तरी त्या म्हणाल्या ‘हूं’.

गवत काढण्यातच हाताची सालटी निघाली. दोघी पहाटे उठायच्या, ऊन चढेपर्यंत खणायच्या, मग दार लावून पत्र्याखाली घामाघूम होऊन पडायच्या. दुपार म्हणजे नुसती भट्टी. पत्रा तापून मधूनच टण्‌ असा आवाज करायचा. संध्याकाळी सावल्या लांबल्या की पुन्हा फावडं. बाईंनी वाफे आखले ते माप-पट्टीनं आणि शिंप्याच्या खडूनं. मातीवर खडू उठत नाही हे कळल्यावर दोरी ताणली. प्रत्येक बी सारख्या अंतरावर, सारख्या खोलीवर. लेक म्हणाली, आई, तू पेरत नाहीयेस, टाके घालते आहेस. आणि खरंच, कोंब वर आले तेव्हा त्या वाफ्यावर धावदोरा घातल्यासारखा दिसला. बाई उकिडव्या बसून कितीतरी वेळ बघत राहिल्या. त्यांच्या हातून कापडाखेरीज काही झालं होतं ते पहिलंच.

मग ऊन पोळायला लागलं. काकडीची कोवळी पानं दुपारी मान टाकू लागली, कडा करपल्या. एक दिवस पानांवर बारीक लाल भुंगेरे दिसले, आणि दुसऱ्या दिवशी भोपळ्याच्या दोन पानांची चाळण झाली. बाईंना रात्रभर झोप नाही. सकाळी पहिल्या गाडीनं त्या लेकीला घेऊन शहरात गेल्या आणि दुकानातून अस्तरासाठी ठेवलेलं मलमलीचं अख्खं ठाण घेऊन आल्या. हातमशीनही आणलं. दोन दिवस त्या पत्र्याखाली बसून शिवत होत्या. चारी बाजूंनी भिंती, वर छप्पर, काठीला अडकवायला पट्ट्या, आणि आत जायला कडेला एक फडका. फडक्यालासुद्धा आतून दुमड घातलेली. शिवण दुहेरी. खालच्या काठाला नेफा काढून त्यात वाळू भरली, वर दगड ठेवले, म्हणजे वाऱ्यानं उचलायला नको. सगळं उभं राहिलं तेव्हा रानात कुणी पांढरं घर बांधल्यासारखं दिसत होतं. आत ऊन गाळून यायचं, दुधासारखं.

पलीकडच्या माळावर एक निवृत्त बस कंडक्टर शेळ्या राखायचे. शेळ्यांना हाकायचे तेही ‘चला, पुढे सरका, मध्ये उभं राहू नका’ असंच. ते कुंपणापाशी येऊन बराच वेळ त्या मांडवाकडे बघत राहिले.

‘ताई, मच्छरदाणीत कोण झोपलंय?’

‘भाजी,’ बाई म्हणाल्या.

‘असं होय. मग हळू बोलतो.’

कंडक्टरांनी थट्टा केली खरी, पण काम नामी झालं होतं. पानांची चाळण थांबली. दुपारी वेल मान टाकेनात. टोमॅटोची झाडं कमरेला लागली, फुलली, आणि हिरव्या गोट्या धरल्या. घेवड्याला शेंगा लोंबू लागल्या. काकडीच्या वेलांनी काठ्या चढून वरच्या कापडाला हात लावला, भोपळ्याची पानं ताटाएवढी झाली, आणि पिवळी फुलं तर इतकी की सकाळी फडका बाजूला केला की आत दिवे लावल्यासारखं वाटायचं. बाई आत जायच्या, फडका आतून नीट लावून घ्यायच्या, आणि एकेका फुलामागची बारीक काकडी मोजून यायच्या. बोटाच्या पेराएवढ्या, लव असलेल्या.

त्या वाढत नव्हत्या. फूल मिटायचं, मागची काकडी टोकाकडून पिवळी पडायची, सुकायची आणि हात लावला की गळून पडायची. भोपळ्याचंही तेच. गोट्यांएवढे भोपळे, आज हिरवेगार, उद्या मऊ पडून खाली. बाईंनी पाणी वाढवलं. मग कमी केलं. शेणखत घातलं, राख घातली. कंडक्टरांनी सांगितलं, पाणी जास्त होतंय. दुसऱ्या दिवशी म्हणाले, कमी होतंय. कापडाबद्दल शंका घ्यायला जागाच नव्हती, कारण त्याच कापडाखाली टोमॅटो आणि घेवडा मजेत होते. बाई गळलेल्या काकड्या पदरात गोळा करून आणायच्या आणि ओट्यावर ठेवून बघत बसायच्या. लेकीनं एकदा हळूच त्या कचऱ्यात टाकल्या, तर त्यांना राग आला. लेकीला कळलं, हा राग काकड्यांचा नाही. उन्हाळा निम्म्यावर आला होता.

सुट्टीच्या दिवशी लेकीचे बाबा यायचे. ते एका मोठ्या हॉस्पिटलात लिफ्टमन होते. ‘जन्मभर लोकांना वर पोचवलं, मी आपला तिथल्या तिथे,’ हा त्यांचा ठरलेला विनोद. त्या दिवशी जेवणं झाल्यावर लेक टाकीवर कपडे धुवायला गेली आणि ते बायकोजवळ येऊन बसले. पोरीनं मला विचारलंय, असं ते म्हणाले. मी हो म्हणणार आहे. पण तुझ्या ‘हो’शिवाय ती जाणार नाही, आणि तू म्हणत नाहीस.

‘तुमचं काय जातंय हो म्हणायला,’ बाई म्हणाल्या.

‘जातंय की. पण मी बघतो ना रोज. माणूस आत येतं, मजला सांगतं. आपण दार उघडायचं. उतरायचं त्याचं त्यानं.’

‘आणि मध्येच अडकली तर लिफ्ट?’

या वेळी त्यांनी विनोद केला नाही. म्हणाले, ‘अडकते. कधीकधी अडकते. आत घंटा असते, ती वाजवायची. म्हणून लोकांनी जिनेच चढावेत असं नाही.’

जिना चढताना कुणी इस्त्रीवर पडत नाही, असं काहीसं बाईंच्या मनात आलं, पण ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

त्यानंतर काही दिवसांनी कंडक्टरांची एक शेळी कुंपणातून आत शिरली आणि मांडवाचा मागचा कोपरा खाऊन गेली. कापड फाटलं असतं तर बाईंनी टाचून घेतलं असतं. शेळीनं परातीएवढा तुकडा चावून गिळलाच होता. कंडक्टर हात जोडून उभे राहिले. ‘विनातिकीट घुसली, ताई. दंड मला लावा.’ बाईंना हसू आलं नाही. त्यांनी बोटांनी भोकाच्या कडा चाचपल्या. ठिगळाला कापड उरलं नव्हतं, पांढरा दोराही संपला होता. बाजाराच्या गावाला जावं लागणार होतं, आणि त्या दिवशी लेक बरोबर यायला तयार नव्हती. उन्हात एवढं लांब कशाला, टोमॅटोला काठ्या बांधायच्यात, तू जाऊन ये. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

बाई गेल्या. जाताना टाकीवरचं झाकण घट्ट बसवून गेल्या, चुलीजवळचा गॅस बंद आहे ना ते दोनदा बघून गेल्या, आणि कंडक्टरांना ‘जरा लक्ष असू द्या’ सांगून गेल्या. गाडीत त्यांनी दोन वेळा फोन केला. दोन्ही वेळा लेक म्हणाली, आहे. दोरा घेतला, मलमल घेतली. परतीच्या गाडीत तिसरा फोन केला, तो वाजून वाजून बंद झाला. परत केला. परत वाजत राहिला. शेजारच्या बाईनं विचारलं, बरं वाटत नाही का? गाडी थांब्यावर थांबायच्या आधी त्या दारात उभ्या होत्या. रस्त्यापासून घरापर्यंतची पायवाट त्या कशी चालल्या ते त्यांना नंतर आठवलं नाही.

लेक ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. केसांत माती, गालावर एक ओरखडा, जवळ चहाचा कप. आईला बघून तिनं हात वर केला, लांबूनच, ‘सगळं ठीक’ असा. म्हणजे ठीक नव्हतं, हे बाईंना तेवढ्यात कळलं.

‘आली होती,’ लेक म्हणाली. ‘गेली. आता बरी आहे. आधी बस तू.’

बाई बसल्या नाहीत. त्यांनी तिचं डोकं चाचपलं, जीभ बघितली, दंड, कोपर. लेक त्यांना करू देत होती, आणि करू देता देता सांगत होती. टोमॅटोपाशी होते. नाकात तो वास आला, जळक्या कापडाचा. कळलं. काठ्या टाकल्या, टाकीपासून लांब झाले, वाफ्यातल्या मऊ मातीत कुशीवर पडले. पुढचं आठवत नाही. जाग आली तेव्हा ऊन तोंडावर आलेलं. उठले, तोंड धुतलं, चहा केला. फोन आत होता, उठायचं त्राण नव्हतं म्हणून घेतला नाही. चुकलं माझं ते, फोन घ्यायला हवा होता.

‘मी असते तर...’ बाई म्हणाल्या.

‘असतीस तर काय केलं असतंस?’

‘धरलं असतं तुला.’

‘धरायचं नसतं, आई. डॉक्टरांनी किती वेळा सांगितलंय. आजूबाजूचं दूर करायचं, कुशीवर वळवायचं आणि थांबायचं.’

‘मग मी काय करायचं?’

लेकीनं आईचा हात घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. दोघी तशाच बसून राहिल्या. पलीकडून शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. कंडक्टर कुंपणापाशी आले, दोघींकडे बघितलं, आणि काही न विचारता शेळ्या वळवून घेऊन गेले.

संध्याकाळी डॉक्टरांना फोन लावला. बाईंनी फोन मोठ्यानं ऐकू येईल असा केला. गोळी चुकली का? नाही. ताप, उलटी? नाही. फार ऊन लागलं? थोडं. मग डॉक्टरांनी विचारलं, झोप नीट होते का, सलग?

लेकीनं आईकडे बघितलं नाही. ‘हो, होते की,’ म्हणाली.

टाचणीबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. त्यांचा उजवा हात, जो रोज रात्री त्या तिच्या नाकापुढे धरायच्या, तो त्यांनी ओट्याच्या कडेवर ठेवला आणि बोटं घट्ट मिटली. लेक खोटं बोलत होती, आणि कुणासाठी बोलत होती ते त्या घरात सांगायला तिसरं माणूस लागत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, गोळी थोडी वाढवू, आणि झोप सांभाळ, झोप मोडणं तुला चालत नाही.

त्या रात्री बाईंनी अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं.

पुढचे काही दिवस बाई वाफ्याकडे फिरकल्याच नाहीत. पाणी लेक घालायची, त्या ओसरीवर बसून तिच्याकडे बघत राहायच्या. दोऱ्याचं रीळ आणि मलमल पिशवीत तशीच पडून होती. त्यांच्या मनात ‘नाही’ तयार होतं. अगदी इस्त्री केलेलं, घडी घातलेलं, नुसतं हातात द्यायचं. इतक्या दिवसांत एकदा तिला एकटीला सोडलं, आणि त्याच दिवशी आली. याहून आणखी काय बघायचं राहिलं? पण दर वेळी तोंड उघडलं की डॉक्टरांशी बोललेलं ते ‘हो, होते की’ मध्ये यायचं, आणि शब्द तिथेच अडायचा.

शेवटी एका सकाळी लेक अजून झोपलेली असताना त्यांनी पिशवी उचलली. हाताला काम नसलं की त्यांचं डोकं भणभणायचं. सुईत दोरा ओवला, कापडाचा तुकडा मापून कापला आणि मांडवाच्या मागच्या बाजूला गेल्या. ओठांत टाचण्या धरल्या, तुकडा भोकावर लावला, आणि पहिली टाचणी टोचणार तेवढ्यात त्यांच्या बोटाजवळून काहीतरी गुंगुं करत आत गेलं. मधमाशी. मागून दुसरी. आतून एक बाहेर आली, पायांना पिवळी धूळ फासलेली, आणि त्यांच्या कानाजवळून निघून गेली. बाईंनी सवयीनं तिला हाकलायला हात उचलला आणि भोकातून आत बघितलं.

भोकाच्या तोंडाशी, पानाच्या आड, काकडी लोंबत होती. पेराएवढी नव्हे. वीतभर. गर्द हिरवी, टोकाला वाळलेलं फूल चिकटलेलं. तिच्या पलीकडे आणखी एक. खाली मातीवर मुठीएवढा भोपळा, नखानं दाबून बघितला तर टणक. आणि पुढे, जिथे कापड धड होतं तिथे, वाफाभर पुन्हा तीच पिवळी पडलेली पेरं गळून पडलेली.

तुकडा धरलेला हात तसाच राहिला. किती वेळ राहिला कोण जाणे. मागून लेकीच्या चपलांचा आवाज आला. तीही वाकून बघायला लागली. आधी काकडीकडे, मग माशीकडे, मग तिनं कपाळावर हात मारला. शाळेत तिनं फुलाची आकृती काढली होती, रंगीत, बाण दाखवून, आणि बाईंनी ती शेजारणींना दाखवली होती. परागकण, मधमाशी, फळ, सगळं तोंडपाठ. वाफ्यात मात्र दोघींपैकी एकीला ते आठवलं नाही. टोमॅटोचं आणि घेवड्याचं आपलं आपल्या फुलात भागत होतं. काकडीला आणि भोपळ्याला बाहेरून कुणीतरी यावं लागतं.

‘तुझी शिवण आहे ना,’ लेक म्हणाली. ‘मुंगी शिरणार नाही, तिथे माशी काय शिरते.’

ती हसत होती, आणि बाईंनाही हसावंसं वाटलं. पण ओठांत टाचण्या होत्या. त्यांनी त्या एकेक करून काढल्या आणि पदराला टोचून ठेवल्या. त्या मांडवाभोवती एक चक्कर मारून आल्या. दुहेरी शिवण, वाळूचा नेफा, आतून दुमडलेला फडका. कुठेही एक टाका चुकलेला नव्हता. इतकं चांगलं काम त्यांनी दुकानातही क्वचित केलं असेल.

‘भुंगेरे परत येतील,’ त्या म्हणाल्या.

‘येतील,’ लेक म्हणाली. ‘पानं खातीलच थोडी.’

‘वेल मरायचा एखादा.’

‘हो. मरेल एखादा.’

लेकीनं तेवढंच म्हटलं. काही होणार नाही, असं ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर बाईंनी ऐकलंच नसतं.

त्या घरात जाऊन टाके उसवायची टोकदार उसवणी घेऊन आल्या. कात्री नाही, उसवताना त्या कापडाला कधी कात्री लावायच्या नाहीत, फक्त दोरा कापायचा, कापडाला धक्का लागता कामा नये. वरच्या कोपऱ्यापासून सुरुवात केली. टाका घट्ट होता, प्रत्येकाखाली टोक घालून उचलावा लागत होता. लेक पलीकडून कापड ताणून धरून उभी राहिली. टक्‌, टक्‌ करत शिवण सुटत गेली. एक बाजू सुटली तसा वारा आत शिरला आणि सगळी पानं एकदम हलली. छपराचं कापड त्यांनी राहू दिलं, दुपारच्या उन्हापुरतं. भिंती तेवढ्या काढल्या. ऊन वर येईपर्यंत दोघी घामानं निथळत होत्या.

काढलेलं कापड ओसरीवर पसरलं तेव्हा तो मोठा ढीग झाला. खाली माती लागलेली, एका कोपऱ्याला शेळीनं चावलेलं. बाईंनी ते झटकलं, काठ जुळवले, हातानं सुरकुती काढली. मापाची पट्टी गळ्यातच होती.

‘तिथली खिडकी केवढी आहे?’ त्यांनी विचारलं.

‘कुठली?’

‘त्या मुलीच्या खोलीतली. जिथे तू राहणार. रुंदी पाहिजे मला. आणि रस्त्यावर उघडते का?’

लेक कापडाचं दुसरं टोक हातात घेऊन उभी होती. तिनं ते खाली ठेवलं नाही. मग खिशातून फोन काढला आणि त्या मुलीला लावला. पलीकडून कुणीतरी झोपेतून उठून खिडकी मापायला गेलं असावं. तेवढ्यात ती आईकडे न बघता म्हणाली, ‘अंघोळीला गेले की दार नुसतं लोटून घेईन. कडी नाही लावणार. तिलाही सांगून ठेवलंय सगळं, कुशीवर कसं वळवायचं ते.’

‘आणि झोप,’ टाचणीबाई म्हणाल्या. ‘झोप मोडायची नाही. कुणी उठवलं तर सांगायचं त्याला. मनात नाही ठेवायचं.’

लेकीनं मान हलवली. फोनवर माप आलं. तिनं रुंदी सांगितली, मग उंची. बाईंनी कापडावर खडूनं खुणा केल्या. पदराच्या टाचण्या काढून ओठांत धरल्या, वाकल्या, आणि कापडाच्या काठाला पहिली दुमड घातली.

‘पुरेल ना?’ लेकीनं विचारलं.

‘हूं,’ त्या म्हणाल्या.